साताऱ्यात साहसी माहितीपटांचा फिरता महोत्सव भरवायचाय? पोस्टर सगळ्यात शेवटी करा

डोंगर, नद्या, सायकलप्रवास यांवरच्या फिल्म आपल्या गावात दाखवायच्या असं ट्रेकिंगच्या ग्रुपवर ठरलं की पहिल्याच आठवड्यात पोस्टर तयार होतं. मग पाहुणे ठरतात. मग हॉल शोधायला माणसं निघतात. फिल्म कुठून येणार, कोणत्या हक्काने दाखवणार, आपल्या लॅपटॉपवर ती चालणार का, हे प्रश्न कार्यक्रम आठवड्यावर आला की पडतात. साताऱ्यात आणि सांगलीत असे कार्यक्रम जिथे फसतात तिथे बहुतेक वेळा कामाचा क्रम उलटा लागलेला असतो. माणसं मेहनती असतात, पैसेही जमतात.

म्हणून खालचे टप्पे ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने करा. हातात चार महिने हवेत.

टप्पा १ : हक्क आणि कागद (चार महिने आधी)

कॅनडातला बॅन्फचा महोत्सव किंवा अमेरिकेतल्या टेल्युराइडचा माउंटनफिल्म, हे मूळ गावी पार पडले की निवडक फिल्म घेऊन जगभर फिरतात. यजमान गाव त्यांच्या संचातून आपल्यापुरता कार्यक्रम निवडतं. तुम्ही अशा दौऱ्याचा मुक्काम मागत असाल किंवा चार-पाच दिग्दर्शकांकडून थेट फिल्म घेऊन स्वतःचा छोटा दौरा काढत असाल, पहिलं पत्र त्यांनाच जायला हवं. पत्रात हे विचारून घ्या :

- एका खेळाचे हक्क की दोन? सांगलीचा खेळ वेगळा धरणार का?
- तिकीट लावलं तर चालेल का? स्थानिक प्रायोजकाचा बोर्ड मंचावर लावता येईल का?
- फाइल कशी येणार : हार्ड डिस्कवर की डाउनलोड करून? कोणत्या स्वरूपात?
- मराठी सबटायटल आपण तयार केली तर परवानगी आहे का?
- डिस्क परत कधी आणि कुणाकडे द्यायची?

सगळ्यात जास्त होणारी चूक इथलीच. ओटीटीचं सदस्यत्व घरात बघण्यापुरतं असतं. यूट्यूबवर फिल्म फुकट आहे म्हणजे हॉलमध्ये चारशे लोकांना दाखवायची मुभा मिळाली असं होत नाही. ‘आम्ही प्रवेश विनामूल्य ठेवलाय’ म्हटल्यानेही त्यात फरक पडत नाही. परवानगी ईमेलवर, फिल्मच्या नावासकट आणि तारखेसकट घ्या.

दुसरा कागद सेन्सॉरचा. सिनेमॅटोग्राफ कायदा, १९५२ प्रमाणे सार्वजनिक प्रदर्शनाला प्रमाणपत्र लागतं, आणि परदेशी माहितीपटांकडे ते सहसा नसतं. महोत्सवांना माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट मिळू शकते, पण त्यासाठी फिल्मची यादी आणि सारांश जोडून आधी अर्ज करावा लागतो. मोठ्या दौऱ्यात हे काम भारतातला मुख्य आयोजक करत असेल, तर सूटपत्राची प्रत मागून घ्या.

तपासा : सूटपत्रातली फिल्मची नावं आणि तुमच्या कार्यक्रमातली नावं एकेक करून जुळवा. आयत्या वेळी ‘ही एक छान आहे, हीपण लावू’ म्हणून घुसवलेली फिल्म त्या पत्रात नसते.

मध्यंतरात गाणी लावणार असाल तर त्यांचा संगीत परवानाही लागतो. लावूच नका, लोकांना गप्पा मारायच्या असतात. तिकिटावरच्या कराचं सीएला विचारा, आणि स्थानिक पोलीस ठाण्याला अर्ज देऊन त्यावर पोच घ्या.

टप्पा २ : तारीख

जुलै-ऑगस्ट सोडून द्या. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. आकडा तिकडे सरकायला लागला की तुमचे कार्यकर्ते आणि तुमचे प्रेक्षक दोघांचंही लक्ष पुलावर असतं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कासचा हंगाम, गणपती, नवरात्र. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावी. उरतात नोव्हेंबर, डिसेंबर आणि जानेवारी.

त्यातही दोन खड्डे आहेत. ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन. सांगलीत नाट्यगृह मागायला त्या सुमारास जाऊ नका. पौष पौर्णिमेला सातारा जिल्ह्यातल्या मांढरदेवची यात्रा असते, त्या दिवसांत जिल्ह्याच्या पोलिसांचा बंदोबस्त तिकडे लागलेला असतो.

वार कोणता? सगळे शनिवार म्हणतात. पण तुमचा हक्काचा प्रेक्षक शनिवारी रात्री सॅक भरून निघतो आणि रविवारी सकाळी वासोट्याच्या बोटीत असतो. माझं मत : एकच गाव करायचं असेल तर रविवारी संध्याकाळी साडेपाच. दोन गावं जोडून करायची असतील तर साताऱ्यात शनिवार, सांगलीत रविवार. साताऱ्याला मग थोडी कमी गर्दी धरून चला.

टप्पा ३ : हॉल

साताऱ्यात शाहू कला मंदिर, सांगलीत विष्णुदास भावे नाट्यमंदिर किंवा दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह ही नावं पहिली सुचतात, आणि ते बरोबरच आहे. नाट्यगृहात उतरती आसनं असतात, काळे पडदे असतात, अंधार होतो. शनिवार-रविवारच्या तारखा नाटकवाले आधीच अडवतात, म्हणून अर्ज लवकर करा.

मंगल कार्यालय स्वस्त पडतं, पण फरशी, गुळगुळीत भिंती आणि वर पत्रा असल्याने निवेदकाचं प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येतं. शिवाय खिडक्या. साडेपाचला सुरू होणाऱ्या कार्यक्रमात पश्चिमेच्या खिडकीतून येणारं ऊन पहिली फिल्म खाऊन टाकतं. मोकळ्या मैदानावर दाखवायचा मोह होतो, पण रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही, आणि डिसेंबरात साताऱ्याची थंडी नऊलाच लोकांना घरी पाठवते.

हॉल बघायला जाताना पन्नास फुटांचा टेप न्या. मोजायचं ते असं : मंचाची रुंदी, पडदा जिथे लावणार तिथपासून मधल्या वाटेपर्यंत आणि शेवटच्या रांगेपर्यंतचं अंतर, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपासून पडद्याच्या खालच्या कडेची उंची. हे आकडे पाचव्या टप्प्यात लागतात. फोटो काढून आणलेला हॉल आणि मोजून आणलेला हॉल यात फार फरक आहे.

तपासा : भाडं किती तासांचं आहे? नाट्यगृहं सत्रांवर दिली जातात. तुम्हाला कार्यक्रमाचं सत्र आणि त्याआधीचं तालमीचं सत्र, अशी दोन हवीत. तालमीच्या सत्राचे पैसे वाचवायला जाऊ नका.

टप्पा ४ : फिल्म निवडणं आणि लावणं

मध्यंतर सोडून एकूण दोन तास दहा मिनिटं. त्यापेक्षा जास्त नको. यादी करताना सगळ्यांना सगळ्याच फिल्म आवडतात आणि कार्यक्रम साडेतीन तासांवर जातो.

सुरुवातीला सात-आठ मिनिटांची, कमी संवादांची, वेगवान फिल्म. तेवढ्यात उशिरा येणारे बसून घेतात. मग रात्रीची मुख्य फिल्म, पस्तीस-चाळीस मिनिटांची. मध्यंतराआधी एक हलकी. मध्यंतरानंतर पुन्हा चार-पाच मिनिटांची, कारण लोक चहाचा कप संपवत आत येत असतात. मग दुसरी मोठी. शेवट सगळ्यात भव्य फिल्मने करू नका. शेवटच्या एसटीसाठी निघालेले लोक ती अर्धी सोडून उठतात आणि बाकीच्यांचा रस जातो. भव्य ती पहिल्या भागात, मुख्य फिल्म म्हणून घ्या.

सगळ्याच फिल्म बर्फाच्या, कातळाच्या आणि एकट्या गोऱ्या माणसाच्या झाल्या तर तासाभरात जांभया येतात. एक नदीची, एक बायकांच्या मोहिमेची, एक आपल्याकडची असू द्या. जिल्ह्यातल्या एखाद्याने सह्याद्रीवर बरी फिल्म केली असेल तर तिला जागा द्या, पण ओळखीपायी नको.

सावध : दोराशिवाय कडा चढण्याची किंवा अपघात तपशिलात दाखवणारी फिल्म असेल तर प्रत्येक फिल्म स्वतः पूर्ण बघून वयाची सूचना तिकिटावर छापा. ट्रेलर बघून ठरवू नका. आपल्याकडे कार्यक्रमाला सहा वर्षांची पोरंही येतात.

टप्पा ५ : पडदा, प्रोजेक्टर, आवाज, वीज

आता टेपने मोजलेले आकडे काढा.

पडदा साधारण सोळा फूट रुंद आणि नऊ फूट उंच धरू. नाट्यगृहाचा मागचा पांढरा पडदा वापरू नका, त्याला चुण्या असतात आणि पंखा लागला की एव्हरेस्ट हलतं. चौकटीवर ताणून बसवायचा पडदा भाड्याने घ्या. खालची कड पहिल्या रांगेच्या डोळ्यांच्या बरीच वर हवी, नाहीतर सबटायटल पुढच्याच्या डोक्यामागे जातात.

प्रोजेक्टरचं अंतर काढायला त्याच्या लेन्सचा थ्रो रेशो विचारा. अंतर भागिले पडद्याची रुंदी म्हणजे हा आकडा. लेन्स १.५ ते १.८ ची असेल तर सोळा फुटी पडद्यासाठी प्रोजेक्टर २४ ते साधारण २९ फुटांवर ठेवावा लागेल. म्हणजे थेट प्रेक्षकांत. शेवटच्या रांगेमागून, समजा सत्तर फुटांवरून, मारायचा तर ४.४ च्या आसपासची लांब पल्ल्याची लेन्स हवी. ती मिळते, पण आधी सांगावी लागते. भाड्याने देणारा ‘होईल की’ म्हणाला तर आकडा विचारा.

लांब लेन्स मिळाली नाही तर प्रोजेक्टर मधल्या खुर्च्यांत येणार, त्याच्या मागच्या काही जागा विकता येणार नाहीत. ही यादी आत्ताच करा, तिकिटं छापायच्या आधी.

उजेड किती हवा? सिनेमागृहाचा दंडक १४ फूट-लॅम्बर्टचा (पडद्यावरचा उजेड मोजायचं एकक). साध्या पांढऱ्या पडद्यासाठी हिशोब सोपा : सोळा गुणिले नऊ म्हणजे १४४ चौरस फूट, त्याला १४ ने गुणलं की सुमारे २००० ल्युमेन (प्रोजेक्टरच्या उजेडाचं माप) प्रत्यक्ष पडद्यावर पोचायला हवेत. कंपनीच्या कागदावरचे ल्युमेन आणि जुन्या दिव्यातून पोचणारे ल्युमेन सारखे नसतात, दारातून उजेडही येतो. म्हणून ६००० चा मागा. वर्गात वापरायचा ३००० चा आणून ‘अंधार केला की दिसतं’ म्हणणारे भेटतील. हिमशिखर त्याच्यावरही दिसतं. रात्री तंबूत हेडलॅम्पच्या उजेडात बसलेला माणूस दिसत नाही. चाचणी नेहमी रात्रीच्या दृश्यावर घ्या.

आवाजाची एक चूक इतकी वारंवार होते की ती वेगळी सांगतो. बऱ्याच फिल्मचा आवाज पाच-पॉइंट-एक पद्धतीचा असतो. त्यात बोलणं मुख्यतः मधल्या स्पीकरच्या ट्रॅकवर असतं. आपल्या नाट्यगृहात डावा आणि उजवा एवढेच स्पीकर. प्लेअरने सहाही ट्रॅक नीट दोनात मिसळले नाहीत, तर वारा ऐकू येतो, संगीत ऐकू येतं, आणि गिर्यारोहकाचे ओठ नुसते हलतात. लोकांना वाटतं तशीच फिल्म आहे. आयोजकांकडून स्टिरिओ प्रत मागा. नसेलच तर प्लेअरमध्ये स्टिरिओ मिश्रण लावून प्रत्येक फिल्मचं एक बोलकं दृश्य ऐका.

स्पीकरमधून घूं आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आवाज थांबला तर दोष अर्थिंगचा आहे. साउंडवाल्याकडून डीआय बॉक्स (लॅपटॉप आणि मिक्सरमध्ये जोडायची, घूं अडवणारी छोटी पेटी) घ्या, लॅपटॉप आणि मिक्सर एकाच बोर्डावर जोडा.

विजेचं म्हणजे जनरेटर असला तरी तो सुरू होऊन भार घेईपर्यंत काही सेकंद जातात. लॅम्पचा प्रोजेक्टर तेवढ्यात बंद पडला तर तापलेला दिवा निवेपर्यंत परत लागत नाही, आणि ती मिनिटं फार लांब असतात. प्रोजेक्टर आणि लॅपटॉप दोन्ही यूपीएसवर. यूपीएस प्रोजेक्टरचा भार उचलतो का, हे प्लग काढून बघा, लेबल वाचून नको.

टप्पा ६ : फाइल

डिस्क हातात आली की त्याच दिवशी उघडा. मॅकवर फॉरमॅट केलेली डिस्क विंडोजवर दिसतच नाही. प्रोरेस ही संपादनासाठीची जड फाइल, ती साध्या लॅपटॉपवर अडखळते. डीसीपी (सिनेमागृहांसाठीची डिजिटल प्रत) असेल तर ती सिनेमागृहाच्या सर्व्हरसाठी असते, ती घेऊन नाट्यगृहात गेलात तर अडलात. हे सगळं दुरुस्त होतं, फक्त दहा दिवस आधी कळायला हवं.

करारात मुभा असेल तर फाइल लॅपटॉपच्या आतल्या एसएसडीवर घ्या आणि तिथूनच चालवा. यूएसबीला लोंबकळणाऱ्या डिस्कवरून खेळ करू नका, कुणाचा तरी पाय लागतोच. दुसऱ्या लॅपटॉपवर तीच यादी तयार ठेवा. दोन्हींवर अपडेट, स्लीप, स्क्रीनसेव्हर आणि नोटिफिकेशन बंद. व्हॉट्सॲप वेब आठवणीने बंद करा.

मराठी सबटायटल असतील तर फाइल यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये सेव्ह केलेली आणि फाँट देवनागरीचा हवा. तरीही काही प्लेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात, ‘पर्वत’चा रफार सुटून भलतीकडे बसतो. पाच वाक्यं बघून पुढे जाऊ नका, शेवटपर्यंत पळवून बघा.

लॅपटॉप आणि प्रोजेक्टर लांब असतील तर साधी एचडीएमआय केबल दहा-पंधरा मीटरनंतर दगा देते. फायबरची एचडीएमआय किंवा एसडीआय (लांब अंतराला चालणारी व्हिडिओ केबल) मागा.

टप्पा ७ : तिकिटं, आणि आता पोस्टर

हॉलची पावती, हक्कांचा ईमेल, सूटपत्र, बंद ठेवायच्या खुर्च्यांची यादी, फिल्मचा अंतिम क्रम. हे पाचही हातात असतील तर पोस्टर करा. चार असतील तर थांबा.

प्रवेश फुकट ठेवला की येतो म्हणणारे निम्मे येत नाहीत आणि न सांगता भलतेच येतात. थोडं का होईना, तिकीट लावा. हिशोब साधा : समजा खर्च ६०,००० आहे आणि विकता येण्यासारख्या जागा ४००. साठ टक्केच विकल्या जातील असं धरा, म्हणजे २४०. मग तिकीट २५० रुपये. पूर्ण हॉल भरेल असं धरून दर ठरवणाऱ्यांना पदरचे घालावे लागतात.

पास हा आपल्याकडचा जुना आजार. प्रायोजक, नगरसेवक, क्लबचे पदाधिकारी, सगळ्यांना ‘पुढच्या चार’ हव्या असतात आणि त्यातल्या दोन रिकाम्या राहतात. एकूण जागांच्या दहा टक्क्यांवर पास देऊ नका, आणि पासवर छापा : कार्यक्रम सुरू झाल्यावर जागा राखीव राहणार नाही.

टप्पा ८ : तालीम

तालीम म्हणजे त्याच हॉलमध्ये, त्याच प्रोजेक्टरवर, त्याच लॅपटॉपवरून, पूर्ण अंधारात. घरच्या टीव्हीवर बघितलेलं धरायचं नाही.

प्रत्येक फिल्मचा आवाज वेगळ्या पातळीवर असतो. एक माणूस शेवटच्या रांगेत, एक मिक्सरवर. फिल्म लावा, आवाज बसला की मिक्सरवरचा आकडा कागदावर लिहा. त्याच कागदावर प्रत्येक फिल्मचं पहिलं दृश्य, शेवटचं दृश्य, आणि श्रेयनामावलीनंतर काही आहे का ते. काही फिल्मचा सगळ्यात गमतीचा तुकडा नावांच्या मागे असतो, आणि आपला उत्साही दिवेवाला नावं दिसताच हॉल उजळून टाकतो. दोन फिल्मच्या मध्ये पाच सेकंद पूर्ण काळं चित्र ठेवा, लॅपटॉपचा डेस्कटॉप लोकांना दिसायला नको.

तपासा : नाट्यगृहाचा स्वतःचा वायरमन आणि साउंडवाला कार्यक्रमाच्या दिवशी कोण आहे? तालमीला तोच हवा.

टप्पा ९ : कार्यक्रमाचा दिवस

पाचला दारं उघडा, साडेपाचला सुरुवात, पहिली फिल्म पाच बेचाळीसला. बारा मिनिटांत स्वागत, एका पाहुण्याचे चार शब्द आणि सुरक्षेच्या दोन सूचना : बाहेर पडायची दारं कुठे, मोबाइलवर चित्रण नको.

खरा शत्रू सत्कार आहे. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, मान्यवरांचा परिचय, शाल-श्रीफळ, मग पाहुण्यांचं मनोगत. बघता बघता चाळीस मिनिटं जातात आणि पाचशे किलोमीटर सायकल चालवणारी बाई पडद्यामागे थांबून राहते. सत्कार करायचेच असतील तर मध्यंतराच्या शेवटी, पाच मिनिटांत, सगळे एकदम. पाहुणे आले नसतील तर त्यांच्याशिवाय सुरू करा. हे आयत्या वेळी कुणाला जमत नाही, म्हणून निमंत्रणपत्रिकेतच वेळ ठळक छापा आणि पाहुण्यांना फोनवर सांगा.

निवेदकाने फिल्मची गोष्ट सांगायची नाही. कुठली, किती मिनिटांची, कोणत्या भाषेतली, आणि एखादी अनोळखी गोष्ट दोन वाक्यांत. इंग्रजीची अडचण असलेल्यांसाठी दारात एक पानी मराठी कार्यक्रमपत्रिका द्या, तिचा खरा उपयोग होतो.

मध्यंतर वीस मिनिटं. मेढा, वाई, कोरेगावकडच्या शेवटच्या एसटीच्या वेळा त्याच दिवशी स्टँडवर विचारून मंचावरून सांगा. लोक मग निवांत बसतात.

टप्पा १० : सांगलीकडे

रात्री सामान उतरवताना डिस्कची जबाबदारी एकाच माणसाकडे, सहीसकट. ती टेम्पोत केबलच्या गठ्ठ्यात जाऊ देऊ नका, माणसासोबत गाडीत जाऊ दे. सांगली गाठायला कराड, पेठ नाक्यावरून आत आणि पुढे आष्टा. सकाळी निघालात तरी चालतं, पण हॉलमध्ये दुपारी बाराला पोचलेलं असावं.

लॅपटॉप, फाइल, फिल्मचा क्रम, दृश्यांचा कागद हे तेच वापरा. पडद्याचं अंतर पुन्हा मोजा. मिक्सरचे आकडे नव्याने घ्या, साताऱ्याचे आकडे सांगलीच्या हॉलला लागू पडत नाहीत. आणि दौरा संपला की डिस्क परत पाठवायच्या आधी दोन्ही लॅपटॉपवरच्या प्रती पुसा, तसं ईमेलवर कळवा. पुढच्या वर्षी त्याच लोकांना पुन्हा पत्र लिहायचं असतं.